वैनगंगेतला पाणघोडा

सुजा,

तू सुटलीस, असं सगळे म्हणतात. घरी बसायला येणारा प्रत्येक माणूस सतरंजीवर टेकतो, पाणी पितो आणि थोड्या वेळानं तेच म्हणतो. लहानपणापासून किती सोसलं पोरीनं, सुटली एकदाची. आई मान हलवते. मी उठून बाहेर जातो. त्यांच्यावर रागावताही येत नाही, कारण त्यांनी तुला हाडांत कळा येताना पाहिलं आहे. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन, ओठ चावत बसलेली. पण त्यांनी तुला नदीवर पाहिलेलं नाही. तुला सुटायचं नव्हतं. तुला नागपूरहून एक उत्तर यायचं होतं आणि तू त्याची वाट पाहत होतीस.

म्हणून हे तुलाच लिहितो आहे. यातलं बरंचसं तुला माहीत आहे. तरी लिहितो. शेवटचं तेवढं तुला माहीत नाही.

सुरुवात मी केली होती, हे तू कधी कबूल केलं नाहीस. त्या हिवाळ्यात तू बरेच दिवस खाटेवर होतीस. थंडी आली की तुझं रक्त रुसायचं, असं आई म्हणायची. सिकलसेल हा शब्द आपल्या घरात कोणी सहसा उच्चारत नव्हतं. माझी बदली नुकतीच लाखांदूरच्या जनावरांच्या दवाखान्यात झाली होती. थंडी सरायला लागली तशी एका सुटीच्या सकाळी मी म्हटलं, चल, तुला वैनगंगा दाखवून आणतो. दिघोरीहून मोटरसायकलवर तू मागं बसलीस, गळ्यापर्यंत शाल घेऊन, पाण्याची मोठी बाटली पोटाशी धरून. पाणी सारखं प्यावं लागायचं तुला.

गोसेखुर्द धरणाचं पाणी तेव्हा बंद होतं. धार पार पलीकडच्या काठाला सरकली होती आणि अलीकडं नुसती रेती आणि गोटे उघडे पडले होते. काठाला रेतीच्या ट्रॅक्टरांनी खड्डे करून ठेवले होते. तुझा उजवा खुबा तेव्हापासूनच दुखायला लागला होता, तुला लांब चालता येत नव्हतं. मी टॉवेल अंथरून तुला बसवलं आणि एक चक्कर मारायला गेलो. परत आलो तर तू माझ्यापुढं एक हाड धरलंस.

"दादा, हे कोणाचं?"

"म्हशीचं. पुढच्या पायाचं, नळीचं हाड."

"नक्की?"

"रोज म्हशीचेच पाय पाहून राहिलो ना मी."

"मंग इतकं जड काहून?"

मी हातात घेतलं. खरंच जड होतं. रंग काळपट, गुळाच्या जुन्या ढेपेसारखा. गोट्यानं ठोकलं तर कौलासारखं वाजलं. मी हाडं ओळखायला शिकलो ती पोस्टमॉर्टेमच्या टेबलावर. असं वाजणारं हाड मी पाहिलं नव्हतं.

"जीभ लावून पाह," तू म्हणालीस.

"येडी आहे का?"

"चिकटते. ताज्या हाडाले नाही चिकटत. जुन्याले चिकटते. मी व्हिडिओत पाहिलं."

"रोग होईल तुले काही."

"मले आणखी का होणार आहे?"

तू हसत होतीस. मी जीभ लावली. चिकटली. जनावरांचा डॉक्टर, सरकारी नोकर, वैनगंगेच्या पात्रात उभा राहून हाडाला जीभ लावतो आहे आणि तू टॉवेलवर बसून पोट धरून हसते आहेस. इतक्या दिवसांत तू पहिल्यांदा हसली होतीस. मग मी दर रविवारी तुला घेऊन जायला लागलो. तुला वाटायचं मी हाडांसाठी येतो.

ओळखायचं तर जुळवून पाहायला आजच्या जनावरांची हाडं पाहिजेत, हे डोकं तुझंच. गावाबाहेर मेलेली ढोरं टाकतात तिथून मी उन्हानं पांढरी पडलेली गाईची हाडं खताच्या पोत्यात भरून आणली. आई दारातच होती. तिनं पोत्यात पाहिलं.

"हे का आणलं?"

मी सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं नाही. आवाज चढवला नाही तिनं, तेच जास्त लागलं.

"तुमच्या आबानं दीक्षा घेतली, त्या दिसापासून मेलेल्या ढोराले हात नाही लावला. गावानं काम बंद केलं, किराणा बंद केला, तरी नाही लावला. दुसऱ्या गावात जाऊन माती खोदली, पण नाही लावला. आन तुम्ही दोघं शिकलेसवरले, पोत्यात भरून घरी आणून राहिले."

मी पोतं धरून उभा. माझ्या नोकरीत मेलेली जनावरं चिरावी लागतात, ते आईनं गिळलं होतं. ते साहेबाचं काम होतं, हातमोजे घालून करायचं. पण हे पोतं तिच्या उंबऱ्यावर होतं. आपल्या आजोबांचं ते नाही म्हणणं या घराचा पाया आहे, हे मलाही कळत होतं.

तू खाटेवरून बोललीस. "आई, आबाले ते करा लागे. दुसरे सांगत होते म्हणून. मले कोणी नाही सांगतलं. माह्यं मन झालं म्हणून मांगतलं दादाले."

"मन," आई म्हणाली आणि आत गेली.

दुपारी ती रिकाम्या गोठ्यात झाडू मारताना दिसली. गाई विकल्यापासून तिथं सरपण पडलं होतं. तिनं ते एका कोपऱ्यात रचलं, विटांवर एक फळी टाकली आणि मला म्हणाली, "घरात नाही. इथी ठेवा." पण ती स्वतः नंतर कधी त्या गोठ्यात पाय ठेवत नव्हती. सरपण लागलं की मला हाक मारायची. तुम्हा दोघींचं ते भांडण तिथंच राहिलं. तू तिला पुन्हा विचारलं नाहीस, तिनं तुला पुन्हा सांगितलं नाही.

मी पात्रात लांबवर फिरायचो आणि रिकाम्या हातानं परतायचो. तू एका जागी बसून हाताच्या अंतरातले गोटे एकेक करून उलटायचीस आणि तुला सापडायचं. कासवाच्या पाठीचे तुकडे, हरणाचा घोटा, गुरांचे दात. दुपारी गोठ्यात आपण ते फळीवर मांडायचो. मी आजचं हाड आणि तुझं हाड शेजारी ठेवायचो, खाचा दाखवायचो, इथं शीर बसते, इथं दुसरं हाड अडकतं. घरी ट्यूशनच्या पोरींना तू जसं शिकवायचीस तसं मला परत विचारायचीस. "मंग हे उजव्या पायाचं का डाव्या?" मी गडबडलो की तुला फार बरं वाटायचं.

त्या ट्यूशनच्या पोरींना तू एक गोष्ट मात्र न चुकता सांगायचीस. लग्न ठरायच्या आधी दोघांचं रक्त तपासा. आपल्या आईबाबांना कोणी सांगितलं नव्हतं. दोघंही धडधाकट, दोघांच्याही रक्तात अर्धा दोष. माझ्या वाट्याला अर्धा आला, तुझ्या वाट्याला दोन्हीकडचा. बस, एवढंच. यात कोणाची चूक नाही, हे तूच मला समजावलं होतंस.

आणि एकदा तू विचारलं होतंस. उन्हाळ्याची सकाळ होती, पलीकडच्या काठाला ढीवर जाळं टाकत होते. तू गोटे उलटता उलटता, माझ्याकडं न पाहता म्हणालीस, "दादा, तुले कधी वाटते का, का तू वाचला म्हणून?"

मी म्हटलं, "पाणी पी, ऊन वाढलं."

तू पाणी प्यायलीस. तो विषय पुन्हा निघाला नाही. सुजा, वाटायचं. तुला कळ आली की दरवेळी वाटायचं. माझी पोरं झाली, त्यांची तपासणी बरी आली, तेव्हाही वाटलं. आनंद झाला आणि लगेच तुझ्या खोलीकडं पाहायला भीती वाटली. तू तर पेढे वाटत होतीस. काय बोलायला पाहिजे होतं, ते मला आजही सुचत नाही. म्हणजे तू आज पुन्हा विचारलंस तरी मी पाणी पी असंच म्हणेन बहुतेक.

तो दात तुला त्याच उन्हाळ्यात सापडला. खड्ड्याच्या कडेला, घट्ट बसलेल्या गोट्यांच्या थरात. अंगठ्याएवढा तुकडा, वरून झिजलेला, आणि झिजलेल्या जागी तीन पाकळ्यांची आकृती. तू घरी येईपर्यंत तो मुठीतून सोडला नाहीस. दोन दिवस फोनमध्ये चित्रं पाहत होतीस. मग मला बोलावलंस.

"पाणघोडा आहे."

"वैनगंगेत पाणघोडा? उद्या जिराफ आणशील."

"होते. हिंदुस्थानात होते पाणघोडे. मेले मंग सगळे. वाच हे."

"रानडुकराचा आहे हा. सुळ्याच्या मागचा दात, झिजला म्हणून असा दिसते."

"आण मंग रानडुकराचा, लाव बाजूला."

मी वनखात्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून रानडुकराचा जबडा पैदा केला. जुळत नव्हता. पण अगदीच जुळत नाही असंही मला म्हणवेना. तू म्हणालीस, तू हरला. मी म्हटलं, तुकडा लहान आहे, यावरून सांगता येत नाही. वर्षभर आपण यावर भांडलो, जेवताना, मोटरसायकलवर, फोनवर. मी तुला पाणघोडे म्हणून हाक मारायला लागलो. तू चिडायचीस आणि मनातून तुला आवडायचं.

शेवटी तूच फोटो पाठवलेस, नागपूरला भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. दिवाळीनंतर, धानाच्या कापण्या आटोपल्यावर त्या आल्या. सकाळपासून गोठ्यात जमिनीवर बसल्या, फळीवरचं एकेक हाड हातात घेऊन. पहिल्या दिवशी सापडलेलं ते जड हाड त्यांनी उन्हात नेऊन पाहिलं.

"म्हशीचंच आहे," त्या म्हणाल्या.

मी तुझ्याकडं पाहिलं.

"पण पाळीव नाही. रानम्हैस. आणि फार जुनं. दगड झालेलं आहे."

तू माझ्याकडं पाहिलंस. त्या दिवशी आपण दोघंही जिंकलो होतो आणि दोघांनाही ते पुरेसं वाटत नव्हतं.

दात त्यांनी बराच वेळ भिंगाखाली धरला. "मला वाटतं सुजाता म्हणते तेच आहे. पण वाटून चालत नाही. नागपूरला नेऊन जुळवून पाहावं लागेल, आणखी एकदोघांना दाखवावं लागेल. द्याल का?"

तू नाही म्हणालीस. मला धक्काच बसला. उत्तर पाहिजे आणि दात द्यायचा नाही? मॅडम जेवायला आत गेल्यावर आपलं जे भांडण झालं ते गोठ्यातल्या गोठ्यात, दबक्या आवाजात झालं.

"नागपूरले गेला का तिथंच राहते तो. मंग कपाटात बंद. इथं आपल्या शाळेत ठेवू म्हणते मी. पोरं पाहतील."

"शाळेत खडूच्या डब्यात जाईल तो. कोणाले समजणार आहे?"

"मी सांगीन ना त्यायले."

"आन तू नसली तर?"

हे मी बोलून गेलो. मला म्हणायचं होतं, तुझी तब्येत बरी नसली तर, तू दवाखान्यात असलीस तर. पण वाक्य तसंच बाहेर आलं. तू थोडा वेळ दाताकडं पाहिलंस. मग तो रुमालात बांधून माझ्या हातात दिलास. "दे त्यायले," म्हणालीस, "पण परत मांग." जाताना मॅडमनी तुझा फोन नंबर घेतला. उत्तर थेट तुलाच द्यायचं, असं तू त्यांच्याकडून कबूल करून घेतलंस. माझा नंबर त्यांना देऊ दिला नाहीस.

हिवाळा गेला. मॅडमचा फोन आला नाही. तू रोज म्हणायचीस, त्यांना कामं असतील. खुब्याचा गोळा वाळत चालला होता, तू काठीवर आली होतीस. नदीवर जाणं बंदच झालं होतं. ऑपरेशनचं मी काढलं की म्हणायचीस, थंडी पुरती जाऊ दे, उन्हाळ्यात पाहू. मोहफुलं पडायला लागली आणि तुला ताप आला.

ताप आला तेव्हा मी घाबरलो नव्हतो. ताप तुला यायचेच. छातीत दुखतं म्हणालीस आणि श्वास लहान व्हायला लागला तेव्हा घाबरलो. लाखांदूरहून भंडारा. भंडाऱ्याला सलाईनसाठी शीर सापडेना. इतक्या वर्षांत तुझ्या हातांच्या सगळ्या शिरा सुयांनी संपून गेल्या होत्या. ती सिस्टर बिचारी घामाघूम. एका हातावर पाहिलं, दुसऱ्यावर पाहिलं, पायावर पाहिलं. तू दर सुईला डोळे मिटत होतीस. मग मध्येच डोळे उघडून तिला म्हणालीस, "माह्या भावाले सांगा. म्हशीले एका झटक्यात लावते तो."

सिस्टर हसली. मीही हसलो. माझा हात पुढं झाला होता, सुजा, खरंच झाला होता. म्हशीच्या मानेवर अंगठा दाबला की शीर दोरीसारखी वर येते, डोळे मिटून सुई घालतो मी. तो हात मी मागं घेतला आणि खिशात घातला. शेवटी तिलाच सापडली शीर, मनगटाच्या आतल्या बाजूला.

तिथून नागपूर. तोंडावर मास्क. रक्त द्यावं लागेल म्हणाले. तुझा माझा गट एकच, पण अर्ध्या दोषाचं माझं रक्त तुला चालत नव्हतं, ते तर आपल्याला लहानपणापासून माहीत होतं. तरी रक्तपेढीच्या काउंटरवरच्या माणसाला मी विचारलं. त्यानं वर पाहून माझ्याकडं असं पाहिलं, जसं आपण न समजणाऱ्या माणसाकडं पाहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत सोडलं. तू मास्क जरा सरकवलास.

"मॅडमचा फोन आला का?"

मला हो म्हणता आलं असतं. एका क्षणाचं काम होतं. पाणघोडा निघाला, तू जिंकलीस, एवढंच म्हणायचं. जिभेवर आलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं," तू म्हणालीस. श्वास घेत घेत, तुकड्यातुकड्यानं. "आला म्हणला असता... तर मी समजली असती... का मी चालली."

आणि तू मास्क परत लावलास. हे तू गमतीनं म्हणालीस का खरंच, ते मी तेव्हापासून ठरवू शकलो नाही. तुझे डोळे हसत होते. पण ते तर कळ आल्यावरही हसायचे.

दुपारी मी रक्ताची पिशवी घेऊन आलो. दोन्ही हातांत धरून, जिना चढून, कारण लिफ्टला गर्दी होती. डॉक्टर दाराबाहेरच उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी पहिलं काय म्हटलं असेल तर, "हे आणलं ना मी." ते म्हणाले, हो. नंतर एका वॉर्डबॉयनं ती पिशवी माझ्या हातातून सोडवून घेतली. कोणाच्या तरी कामी येईल म्हणाला. आली असेल.

आता हे लिहू का नको, समजत नाही. पण हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, आईला नाही, बायकोला नाही.

तुझी राख नदीत सोडायची नाही, हे तू एकदा हसत हसत सांगून ठेवलं होतंस. "मले वैनगंगेत टाकू नका. रेतीच्या ट्रॅक्टरमधी जाईन आन कोणाच्या तरी स्लॅबमधी बसीन." तेव्हा ठरलं की शेतात, बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली. अग्नी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला मी आणि आपले दोन चुलतभाऊ गेलो. त्यांनी पाणी शिंपडलं. मी वाकलो आणि वेचायला लागलो. माझे डोळे त्यांचं काम करत होते. मला थांबवता येत नव्हतं. हा मणका. ही बोटाची कांडी. हा दाताचा तुकडा. चुलतभावाला सगळं सारखंच दिसत होतं, तो दोन्ही हातांनी भरत होता. मी एकेक ओळखत होतो. उजव्या खुब्याचा गोळा मला सापडला. अर्धाच होता, कडा खचलेली. इतके दिवस एक्स-रेमध्ये काळीपांढरी सावली पाहिली होती. ही ती जागा, जिच्यावर भार देऊन तू मोटरसायकलवर चढायचीस आणि चढताना एकदाही आई गं म्हणाली नाहीस.

मी तो तुकडा मडक्यात ठेवला. भाऊ म्हणाला, "का झालं?" मी म्हटलं, धूर गेला डोळ्यात. धूर नव्हता तिथं.

शेवटचं तेवढं सांगायचं राहिलं.

आई तुझा फोन रोज चार्जिंगला लावते. ट्यूशनच्या पोरींच्या घरचे फोन करतात म्हणते. जलदान विधी झाल्यावर काही दिवसांनी मी तिथंच बसलो असताना तो वाजला. मी उचलला आणि काही बोलायच्या आत पलीकडून मॅडम सुरूच झाल्या.

"सुजाता, अगं ऐक, पाणघोडाच आहे. मी दोघांना दाखवला, दोघंही तेच म्हणाले, आता काही शंका नाही. तुला कळवायला फार उशीर झाला गं, परीक्षा होत्या माझ्याकडे. पण नक्की तोच. हॅलो?"

"मॅडम, मी तिचा भाऊ बोलतो."

"अहो, मग तिला द्या ना फोन. मला तिचा आवाज ऐकायचाय."

"मॅडम, सुजाता गेली."

"कुठे गेली?"

मला बोलता आलं नाही. मग त्यांना कळलं. फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि मागं कुठल्या तरी वर्गातली पोरं. शेवटी हळू आवाजात म्हणाल्या, "दात मी आणून देईन. तिनं परत मागितला होता." मी हो म्हटलं. कुठं ठेवायचा, शाळेत का घरात, ते मी अजून ठरवलेलं नाही. ते भांडण आपलं दोघांचं होतं. एकट्यानं कसं मिटवू?

आई तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"का म्हणत होत्या मॅडम?"

"सुजाले सापडला तो दात पाणघोड्याचा आहे म्हणते."

"पाणघोडा म्हंजे का?"

मी तुझ्याच फोनमध्ये चित्र काढून दाखवलं. तुझ्या फोनमध्ये ते आधीच होतं. आईनं फोन लांब धरून पाहिलं, मग जवळ घेऊन पाहिलं.

"हे आपल्या नदीत होतं?"

"होतं. लय जुन्या काळी."

"आन आपल्या सुजाले हे समजत होतं."

"हो."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मले ने तिथी. तू तिले नेत होता तिथी."

सकाळी नेलं. आई मोटरसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसली, एका हातानं माझा खांदा धरून. वैनगंगा आटत आली होती, काठाला ट्रॅक्टर उभे होते. "कुठी बसे ती?" आईनं विचारलं. मी इकडं तिकडं पाहिलं. गेल्या पुरानं सगळी रेती हलली होती. ते खड्डे नव्हते, तो गोट्यांचा थर नव्हता, काठसुद्धा थोडा मागं सरकला होता. मी एक जागा दाखवली. "इथीच कुठीतरी." खरं तर मला माहीत नव्हतं.

आई तिथं बसली. पाय पसरले. थोडा वेळ नदीकडं पाहिलं आणि मग तिचा हात आपोआप गोट्यांत गेला. एकेक उलटायला लागली. तिला काय वाटत होतं, आजोबा तिच्या मनात होते का तू होतीस, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

ऊन चढायच्या सुमाराला तिनं काहीतरी उचललं. तळहाताएवढं, चपटं, काळपट, एका बाजूनं वाकलेलं. पाण्यात धुतलं, पदरानं पुसलं.

"हे हाड आहे का गोटा?"

मी घेऊन पाहिलं. "हाड आहे."

"कोणाचं?"

मी ते उलटून पाहिलं. पायाचं नव्हतं. बरगडी नव्हती. कासवाचं म्हणावं तर जाड होतं, खांद्याचं म्हणावं तर वाक उलटा होता. गाय, म्हैस, हरीण, डुक्कर, मला येतात तेवढी सगळी जनावरं मी मनात फिरवून आणली. आई समोर बसून माझ्या तोंडाकडं पाहत होती.

"मले नाही सांगता येत, आई."

तिनं ते माझ्या हातातून परत घेतलं.

"मंग आता कोणाले इचारायचं?" ती म्हणाली.